फाइल पुढे कुठे जाते?

आरोग्य विम्याच्या बॅक ऑफिसमध्ये लागले तेव्हा माझं काम सोपं होतं. स्क्रीनवर डावीकडे स्कॅन केलेलं बिल, उजवीकडे फॉर्म. नाव, तारीख, रक्कम जुळते का बघायचं आणि पुढची फाइल उघडायची. दिवसाला 150 फाइलींचं टार्गेट. तिसऱ्या महिन्यापर्यंत हात आपोआप चालू लागले आणि त्रास तिथूनच सुरू झाला. संध्याकाळी कुणी 'आज काय केलंस?' असं विचारलं की सांगण्यासारखं काहीच नसायचं. 150 फाइलींतली एकही आठवायची नाही.

अशा वेळी सल्ले दोनच मिळतात. 'पगार मिळतोय ना, मग गप्प बस', नाहीतर 'मन रमेल असं काहीतरी शोध'. मला दोन्हींचा उपयोग झाला नाही. डोळे उघडले ते माझ्याच एका चुकीने.

एका बिलावरच्या तारखेत मी दिवस आणि महिना उलटे वाचले आणि दावा परत पाठवला. काही आठवड्यांनी ती फाइल तक्रारीसकट माझ्याकडे आली. सोबत पत्र होतं. बायकोच्या ऑपरेशनसाठी त्या गृहस्थांनी उसने पैसे घेतले होते, फेडायची मुदत उलटून गेली होती आणि आपला दावा कशासाठी अडलाय हे त्यांना कुणी धड सांगत नव्हतं. पत्र मी तीनदा वाचलं. त्या दिवसापासून तारखा मी वेगळ्या नजरेने बघते.

नंतर कामात अर्थ कसा सापडतो या विषयावर मिळेल ते वाचत गेले. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने 1776 मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं होतं: काम वाटून घेतलं तर दहा माणसं दिवसाला 48,000 टाचण्या करतात. उत्पादन वाढतं, पण तार ओढणाऱ्याच्या हातात अख्खी टाचणी कधी येत नाही. माझंही तेच चाललं होतं. अ‍ॅडम ग्रँट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2007 मधला प्रयोग तर मला फारच जवळचा वाटला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटांची भेट घालून दिली. महिन्याभराने पाहिलं, तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. काम तेच, पगारही तोच.

म्हणून नव्याने लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं असं: आपल्या आधी आणि आपल्यानंतर काम कुणाकडे असतं ते शोधा आणि त्यांच्या शेजारी तासभर बसा. मी टीम लीडची परवानगी काढून पैसे मंजूर करणाऱ्या टेबलाशी बसले. माझ्या एका शेऱ्यावरून तिथे तीन जणांची धावपळ होते, हे तिथे कळलं. मग रोज एका फाइलीबद्दल वहीत एक ओळ लिहायला लागले. वारंवार होणाऱ्या चुका त्या वहीतूनच सापडल्या आणि त्यांचं एक पान तयार केलं. तीन वर्षांत पूर्णपणे माझं म्हणता येईल असं ते पहिलं काम. तितक्यानेही बराच फरक पडला.

शोध घेतल्यावर कधी कधी पलीकडे कुणीच नसतं. दर शुक्रवारी मी एक अहवाल पाठवायचे. तो कोण वाचतं असं विचारलं, तर कुणीच नाही. तो बंद करून घेतला. ज्या कामाला खरंच वाली नाही त्याला ओढूनताणून अर्थ चिकटवू नका. अख्खी नोकरीच तशी निघाली तर दुसरी बघा, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक, हे मला मनापासून सांगायचंय. 'आपण लोकांची सेवा करतोय' हे वाक्य पगारवाढ मागितल्यावर ऐकू आलं तर सावध व्हा. कामातला अर्थ आपला आपण शोधायचा असतो. मोबदल्याच्या जागी कुणी तो पुढे करत असेल तर घेऊ नका. तसंच झोप पुरी होत नसेल, सुट्ट्या साठत असतील, तर तो थकवा आहे, कामात अर्थ नसणं नव्हे. त्याला आधी विश्रांतीच लागते. मी दोन्हींची गल्लत केली आणि वर्षभर उगाच स्वतःला दोष देत बसले.

आता नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना तक्रारींच्या फोनपाशी तासभर ऐकत बसवते. टार्गेट दुसऱ्या दिवशी सांगते.