शिक्षण परिषदेतून नेतृत्व घडवायचंय? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की बीडकडच्या कित्येक शाळांचा पट ऊसतोडीमुळे ओसरतो आणि कारखान्यांचा हंगाम संपला की तीच मुलं अर्धवट अभ्यास घेऊन परततात. त्यांच्यासाठी वर्गाची घडी पुन्हा कशी बसवायची, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं. दोन शिक्षकांवर चालणाऱ्या चार इयत्तांच्या शाळेचंही तेच. अशा वेळी वरून पत्र येण्याची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणारा शिक्षक लागतो. तो घडवायची जागा प्रत्येक केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, आयती आहे. ती म्हणजे तिथल्या शिक्षकांची दर महिन्याची सभा, शिक्षण परिषद. बाराएक शाळा, पस्तीस-चाळीस शिक्षक आणि एक केंद्रप्रमुख. तरीही बहुतेक ठिकाणी त्यातून स्वल्पाहाराची बिलं सोडून फारसं काही निघत नाही.

टपालाने सुरुवात

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, बदलून आलेल्यांचं स्वागत, आणि मग टपाल: यू-डायसमधल्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीतल्या) त्रुटी, शिष्यवृत्तीचे राहिलेले अर्ज, कुठल्या शाळेची कुठली माहिती थकली आहे. बारा वाजून जातात. मग एखादी शिक्षिका उठते आणि म्हणते, "माझ्या चौथीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाहीये." तिचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत पंचायत समितीतून फोन येतो, आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची यादी आजच्या आज हवी. संचमान्यता, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं ठरवणं, त्यावर अवलंबून, म्हणजे शिक्षकाचं पद त्यावर अवलंबून. साहजिकच चाळीस माना मोबाइलमध्ये जातात. ती शिक्षिका खाली बसते आणि पुढच्या महिन्यात उठत नाही. उपक्रमाचं सादरीकरण तेवढं होतं, कारण त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही.

यात केंद्रप्रमुखाचा आळस नसतो. टपालाला तारीख असते, वजाबाकीला नसते. दोन्ही एका सभेत आणली की तारीखवालं काम जिंकणारच. म्हणून टपाल आदल्या संध्याकाळी गटावर टाका आणि शंकांसाठी शेवटची वीस मिनिटं राखा, मिनिटभरही जास्त नको. तातडीच्या माहितीसाठी एकाच शिक्षकाला फोन घेऊन बाहेर बसवा, दर महिन्याला वेगळ्याला. बाकीचे फोन टेबलावर. एवढ्याने निम्मी दुरुस्ती होते.

प्रश्न मोघम मांडणं

"मुलांना गणित येत नाही" या वाक्यावर चर्चा होऊच शकत नाही, फक्त उसासे निघतात. तीन मुलांच्या वह्या आणा. 52 वजा 38 चं उत्तर 26 लिहिलं आहे का, ते पाहा. लिहिलं असेल, तर ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय: पाचातून तीन, आठातून दोन. 'हातचा घ्यायला विसरला' हे निदान इथे चुकीचं ठरतं, कारण दशक सोडवून दहा सुटे मिळतात हेच त्याच्या हाताखालून गेलेलं नाही. मग फळ्यावर आणखी वीस उदाहरणं घालून उपयोग नाही. काड्यांचा गठ्ठा सोडायला द्यावा लागतो. वह्या समोर असल्या की अशी बोलणी सुरू होतात.

एका प्रश्नाला एक तास द्या. दहा मिनिटं मांडणी. पंधरा मिनिटं फक्त प्रश्न, सल्ला अजिबात नाही. (हे सगळ्यांना जड जातं, शिक्षकांना तर फारच.) पुढची वीस मिनिटं बाकीचे सुचवतील आणि मांडणारा गप्प बसून लिहून घेईल. मग दहा मिनिटांत तो सांगेल की यातलं नेमकं काय करून पाहणार, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते नोंदवलं जाईल. गट आठ-दहा जणांचा हवा. चाळीस जणांत हेच करायला गेलात तर चार लोक बोलतात आणि छत्तीस जण चहाची वाट पाहतात.

फरशी रंगवणं

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा विभाग) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून शिकेल असे, वर्ग उभे केले. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयाच्या आगेमागे राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. जाणं चांगलंच होतं. पण कित्येकांनी परत येताना मोबाइलमध्ये फरशीचे फोटो आणले. उन्हाळ्यात लोकवर्गणी निघाली, पेंटर आला, फरशीवर गोल, चौकटी, अंक, मुळाक्षरं उमटली, भिंतीला तळफळे, म्हणजे मुलांचा हात पोचेल असे खालचे फळे, लागले. जूनमध्ये मुलं त्या गोलांत बसली आणि गुरुजी पूर्वीसारखेच फळ्यासमोर उभे.

फोटोत फरशी येते. मूल कुठे अडलं हे शिक्षकांनी आपसात मांडणं, साहित्य बदलून पाहणं, पुन्हा मांडणं, हे फोटोत येत नाही. आयतं उचलण्याची घाई असणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, त्यांना पेंटरचा नंबर हवा असतो. दुसऱ्याची शाळा पाहायला जरूर जा, पण वर्गापेक्षा त्यांच्या शिक्षकांची एखादी बैठक पाहायला मागा. आणि तिथल्या शिक्षकाला एवढंच विचारा: यातलं काय करून पाहिलं आणि सोडून दिलं? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडून काही उचलू नका.

शिकणं आणि तपासणी एकाच खुर्चीत

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं नाव सामूहिक वनहक्कासाठी घेतलं जातं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा हक्क गावाला मिळाला. त्यामागे गावाचे अभ्यासगट वर्षानुवर्षं चालत होते, देवाजी तोफांसारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे सोबती एकत्र बसून. तिथली विभागणी नीट पाहण्यासारखी आहे. अभ्यासगटात फक्त चर्चा. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकारच नसल्यामुळे तिथे हरण्या-जिंकण्याचं ओझं नसतं, अर्धवट विचारही बोलता येतो.

आपल्याकडे शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालाच्या साखळीतला माणूसच सुलभक, म्हणजे चर्चा चालवणारा, होतो आणि मग विचारतो, "अडचणी मोकळेपणाने सांगा." कोण सांगेल? केंद्रप्रमुखांनी त्या एका तासात गटात सभासद म्हणून बसावं, जमल्यास स्वतःचाच एखादा न सुटलेला प्रश्न मांडावा. परिषदेत ऐकलेलं शाळाभेटीच्या शेऱ्यात एकदा जरी आलं, तरी वर्षभर कुणी तोंड उघडत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

दर वेळी बाहेरचा तज्ज्ञ नको. कृतीतून शिकण्याची पद्धत मांडणारे रेग रेव्हान्स यांनी 1940 च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींत खाणप्रमुखांना व्याख्यानं देण्याऐवजी एकमेकांच्या अडचणींवर बसवलं, ते उगाच नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅप गट म्हणजे अभ्यासगट नव्हे. तिथे अंगठे येतात, प्रश्न येत नाहीत.

फक्त मुख्याध्यापकांनाच बोलवू नका, वर्गावरचे शिक्षकही हवेत.

प्रमाणपत्र तर मुळीच नको.

दोन बैठकांत निकाल मागू नका. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत लोक एकमेकांना चाचपतच असतात.

तोच सुलभक, तेच इतिवृत्त

चांगलं बोलणाऱ्यालाच दर वेळी उभं केलं की त्या एकाचीच वक्तृत्वकला वाढते. सुलभक दर महिन्याला बदला आणि तिसऱ्या महिन्यापासून मुद्दाम अबोल शिक्षकाला द्या. हातात वेळांची चिठ्ठी, शेजारी आधीचा सुलभक. त्याने फक्त वेळ सांभाळायची आणि प्रश्नांच्या पंधरा मिनिटांत सल्ला घुसला तर थांबवायचा. वरिष्ठ मुख्याध्यापकाला "सर, हा सल्ला झाला, प्रश्न विचारा" असं ज्याने एकदा म्हटलं, तो पुढे ग्रामसभेतही बोलतो.

इतिवृत्तात 'सखोल चर्चा झाली' लिहिणं बंद करा. चार रकाने पुरेत: कोणाचा प्रश्न, काय करून पाहणार, कोणत्या तारखेपर्यंत, काय झालं. चौथा रकाना पुढच्या बैठकीच्या पहिल्या वीस मिनिटांत भरायचा, दुसरं काहीही सुरू करण्याआधी. 'जमलं नाही' लिहिलेलं चालेल, कारणासकट. रिकामा दिसला, तर त्या शिक्षकाचा नवा प्रश्न घेऊ नका, जुनाच पुन्हा घ्या.