शाळेच्या घंटेचा ठेका: पथनाट्याची तयारी

खासगीकरणावर पथनाट्य बसवायचं तर वीज, एसटी, दवाखाना असले मोठे विषय घेऊ नका. वीस मिनिटांत त्यांचं भाषण होतं. एखादी क्षुल्लक वस्तू घ्या आणि तिची रीतसर निविदा काढा. शाळेची घंटा यासाठी उत्तम, कारण ती वाजवायला एक हात पुरतो हे तिसरीतल्या पोरालाही माहीत असतं.

आधी कागद जमवा. वर्तमानपत्रातल्या चार-पाच निविदा सूचना कापून समोर ठेवा आणि भाषा जशीच्या तशी उचला: अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, कार्यारंभ आदेश. यातला एकही शब्द मोडूनतोडून विनोदी करू नका, हसू अटींतून यायला हवं. ‘मागील 3 वर्षांतील अशाच कामाचा अनुभव व वार्षिक उलाढालीचा सनदी लेखापालाचा दाखला’ ही अट वाचली जाते तेव्हा 30 वर्षं घंटा वाजवणारा शिपाई समोर उभा असतो. अनुभव आहे, उलाढाल नाही. नाटकाचा जीव इथे आहे, म्हणून या प्रवेशाला पूर्ण चार मिनिटं द्या. शिपाई एक शब्द बोलत नाही. फक्त हातोडी टेबलावर ठेवतो.

मग दर ठरवा. पैसे टोल्यामागे दिले की ठेकेदार एकाच्या जागी अकरा टोले देणारच. ते आवरायला तपासनीस येतो आणि तपासनिसासाठी टोल्यांची नोंदवही. प्रत्येक उपाय ऐकताना रास्त वाटला पाहिजे. साखळी तीन कड्यांवर थांबवा, चौथी प्रेक्षक आधीच ओळखतात. टोला आणि टोल ही कोटी एकदाच करा. नुसता ‘घंटा’ शब्द मात्र जपून वापरा. कॉलेजच्या पोरांत त्याचा भलताच अर्थ चालतो आणि नको त्या जागी हशा पिकतो. ‘शाळेची घंटा’ असं पूर्ण म्हणा.

लिपिक लाचखाऊ किंवा वेंधळा दाखवू नका. तसं केलं की माणूस वाईट होता म्हणून लोक घरी जातात आणि नियम सुटतो. तो प्रत्येक नियम नीट पाळतो आणि त्यातूनच घंटा बंद पडते, हे दिसायला हवं.

घंटेसाठी रुळाचा तुकडा आणायचा मोह होईल, पण रूळ मीटरला 52 किंवा 60 किलो भरतो. फूटभराचा तुकडासुद्धा गावोगाव वाहून नेणं जड जातं. फूटभर व्यासाची जाड पितळी थाळी घ्या. तिला वरच्या कडेला दोन भोकं हवीत. एकाच भोकावर टांगली तर ती गिरक्या घेते आणि टोला हुकतो. दोरी सुती, हातोडी लाकडी. तीन फायली, पांढरी नाडी, गोल शिक्का. शिक्क्याचं पॅड उन्हात सुकतं, शाईची बाटली जवळ असू द्या. हलगी घेणार असाल तर ढगाळ हवेत कातडं सैल पडतं, शेकायची सोय लागेल.

पोलीस ठाण्यात जागा, वेळ आणि कलाकारांची संख्या लिहून अर्ज द्या. शिक्का मारलेली पोच खेळाच्या वेळी खिशात हवी.

‘शाळेत असं कुठं होतं?’ असं कुणीतरी विचारणारच. सरकारी पदं नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरण्याचा शासन निर्णय 6 सप्टेंबर 2023 चा, विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. देणगीदारांनी सरकारी शाळा दत्तक घेण्याची योजना 18 सप्टेंबर 2023 ची. तारखा सगळ्यांना पाठ हव्यात. एक चुकली की गर्दी बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाही.

शेवटच्या तालमीला घड्याळ लावा. वीस मिनिटांच्या वर गेलं तर तपासनिसाचा प्रवेश कापा, शिपायाचा नको.