मालवणी खानावळीत मासळीचे जेवण कसे मागवावे आणि कसे जेवावे

मालवणी खानावळीत बसल्यावर मेन्यूकार्ड उघडण्याआधी वाढणाऱ्या काकांना किंवा मावशींना एवढेच विचारावे, की आज ताजी मासळी कोणती आली आहे. कार्डावर बाराही महिने सुरमई, पापलेट आणि हलवा हीच नावे छापलेली असतात. सकाळी बाजारातून काय आणले आणि कालचे बर्फात काय उरले, हे मात्र त्यांनाच ठाऊक असते. म्हणून आधी मासा ठरवावा आणि मग तो तळलेला हवा, आमटीत हवा की सुका, हे सांगावे. बर्फात दोन दिवस राहिलेल्या पापलेटपेक्षा आज सकाळी आलेला बांगडा कितीतरी सरस लागतो, आणि तो स्वस्तही पडतो.

वारही पाहावा. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मासळी न खाणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी खानावळीत गर्दी उसळते. त्या दिवशी माल जास्त येतो आणि संपतोही लवकर, म्हणून दुपारी साडेबाराच्या आत पोहोचलेले बरे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात, १ जूनपासून निदान जुलैअखेरपर्यंत, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात सुरमईचा हट्ट धरण्यापेक्षा सोड्यांची खिचडी, जवळ्याची चटणी किंवा सुक्या बांगड्याचे तिखले मागवावे. सुकी मासळी ही कोकणातल्या घरांची पावसाळ्यासाठीची बेगमीच आहे आणि ती रांधण्यात तिथल्या बायकांचा हात धरणारा कोणी नाही.

काही ठिकाणी मासा ताटलीत आणून दाखवतात. तेव्हा संकोच न करता नीट पाहावे: डोळे पाणीदार आणि किंचित फुगीर असावेत, कल्ले लालभडक असावेत आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर यावी. सुरमईची तुकडी असेल तर मांस काट्यापासून सुटलेले नसावे. कार्डावर किमतीऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिलेले असेल, तर तो भाव नगावर आहे की वजनावर, हे मागवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पापलेट आणि खेकडे यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आकाराप्रमाणे बिल दुप्पट होऊ शकते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थाळीच घ्यावी. तिच्यात तळलेली तुकडी, माशाची आमटी, चपाती किंवा तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी असते. कुठे सुकटही वाढतात. तळलेली तुकडी आल्या आल्या गरम भाकरीबरोबर संपवावी, कारण रव्याचे किंवा तांदळाच्या पिठाचे आवरण थंड झाले की लगेच मऊ पडते. आमटी भातासाठी राखून ठेवावी. उकड्या तांदळाचा भात मिळत असेल तर तोच मागावा; त्याचे जाड दाणे आमटी शोषूनही मोडत नाहीत.

काट्यांची धास्ती असलेल्यांनी सुरमईपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात मधला काटा मोठा असतो आणि बारीक काटे कमी असतात. ओल्या बोंबलाचा काटा इतका मऊ असतो की तो मांसाबरोबरच खाल्ला जातो. बांगडा मात्र हातानेच खावा. वर असलेल्या कुशीच्या मध्यावरून अंगठ्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत हलकी रेघ ओढली की वरचे मांस दोन पट्ट्यांत सुटते. ते खाऊन झाल्यावर शेपटी धरून मधला काटा सावकाश उचलावा, म्हणजे तो डोक्यासकट अखंड निघतो आणि खालची बाजू जवळजवळ मोकळी ताटात राहते. पोटाकडचे बारीक काटे तेवढे बोटांनी चाचपून काढावेत. कर्ली अतिशय चवदार असली तरी तिच्यात काट्यांचे जाळे असते, त्यामुळे सराव झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

बांगड्याच्या आमटीत लहान, काळपट, उघडलेल्या टरफलांसारखे काही दिसले तर ते तिरफळ नावाचे मसाल्याचे फळ आहे. ते चावले तर जीभ काही काळ बधिर होते, म्हणून ते बाजूला ठेवावे. त्याचा वास रश्शात उतरलेला असतो, तेवढाच हवा असतो. खरे तर आमटीवरूनच खानावळीची पारख होते. तेलकट बांगड्याला तिरफळ, नाजूक पापलेटला नारळाची सौम्य आमटी, तिसऱ्यांना म्हणजे शिंपल्यांना ओल्या खोबऱ्याचे सुके वाटप, असा फरक जिथे जाणवतो तिथे रांधणारी व्यक्ती मासा ओळखून रांधते. प्रत्येक माशावर तोच लालभडक रस्सा ओतला जात असेल, तर पुढच्या वेळी दुसरी खानावळ शोधावी.

मासे न खाणाऱ्यांनीही उपाशी राहण्याचे कारण नाही. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे ही जोडी पूर्ण जेवण आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ओल्या काजूंची उसळ मिळाली तर ती सोडू नये. कोंबडीबरोबरही वडेच घ्यावेत, पण ते कढईतून थेट ताटात येतील असे सांगावे.

सोलकढी अनेक जण बसल्या बसल्या पिऊन टाकतात. माझ्या मते ती शेवटच्या भातावर घ्यावी आणि उरलेली वाटीने प्यावी, म्हणजे तिखट निवते. नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ (खारवलेला रस), लसूण आणि हिरवी मिरची घालून ती करतात. तिचा रंग फिकट गुलाबी असतो. आंबूस वास येत असेल तर ती न पिता परत द्यावी, कारण नारळाचे दूध उन्हाळ्यात फार काळ टिकत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि पुष्कळ खानावळींच्या गल्ल्यावर आगळाच्या बाटल्या विकायला असतात. ती घेताना बाटलीवर ‘आगळ’ असे लिहिल्याची खात्री करावी. शेजारीच ठेवलेले कोकम सरबत साखरेचे असते आणि त्याची सोलकढी होत नाही. आगळात मीठ असतेच, त्यामुळे घरी सोलकढी करताना मीठ चव पाहूनच घालावे.