सायन्सच्या विद्यार्थ्याने कवितेला सुरुवात कशी करावी

पीयूसी सायन्सला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला गेलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आमच्या बऱ्याच मुलांची मराठी घरापुरती उरते. फिजिक्स इंग्रजीत, बसची पाटी कन्नडमध्ये, आणि कविता दहावीच्या पेपरबरोबर सुटलेली. पण कवितेला लागणारी मुख्य सवय तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत आहे. काय दिसलं ते आधी लिहायचं, अनुमान नंतर.

म्हणून एक छोटी वही करा आणि पंधरा दिवस फक्त निरीक्षणं लिहा, रोज एक. ‘आईचे कष्ट पाहून मन भरून आलं’ हे अनुमान झालं. ‘नट्टी लावून आलेल्या आईच्या टाचेच्या भेगेत चिखल सुकून पांढरा झालाय’ हे निरीक्षण. (नट्टी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी.) दुसऱ्या वाक्यात मन भरून आल्याचं सांगावंच लागत नाही.

मग मोजायला शिका. यात सायन्सवाल्यांचा हात लवकर बसतो. लहान अभंगाच्या चरणात साधारण 8 अक्षरं असतात. जोडाक्षर एकच धरायचं. आता ‘पाऊस पडतोय’ मोजा: 7. आपण घरी बोलतो तसं ‘पाऊस पडूलालाय’ मोजा: बरोबर 8. ज्या बोलीला पुण्याकडची माणसं हसतात, ती इथे चरणात नेमकी बसते. बोली लपवू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. वरच्या वहीतूनच एक करून पाहू:

रोपं लावताना
पाठ झाली ओली
चिखलाची खोली
बोटे चार

शेवटच्या चरणात नुसतं माप आहे. चार अक्षरांत दुसरं काही मावत नाही, आणि मावलं नाही म्हणूनच ते चांगलं झालं.

पुढची पायरी लघु-गुरूची. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्वावर आला तर तेही गुरू होतं. भुजंगप्रयात वृत्तात लघु-गुरू-गुरू हा गट चार वेळा येतो: 12 अक्षरं, 20 मात्रा. ‘नदीच्या किनारी उभे ऊस सारे’ ही ओळ बोटांवर मोजून बघा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल तुमच्या कानात आधीच असेल. वृत्तातच लिहिलं पाहिजे असं नाही, मुक्तछंदही, म्हणजे अशा मोजमापाशिवायची कविताही लिहा. पण महिनाभर मोजल्याशिवाय मुक्तछंदाकडे जाऊ नये, असं मला वाटतं. कान तयार झाला नाही तर गद्याच्याच ओळी तोडल्या जातात.

वाचन याच्या जोडीने चालू द्या. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे. तिथे जाऊन कवयित्री इंदिरा संतांचा कोणताही संग्रह मागा. त्या याच गावात राहिल्या, इथेच शिकवलं, आणि 1984 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एक कविता तीनदा वाचा: पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा वहीत हाताने उतरवत, तिसऱ्यांदा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारत. अर्थ नाही लागला तरी घाबरू नका, क्रियापदं काय करतात तेवढं पाहा.

आता कापणी, म्हणजे कवितेतलं जास्तीचं काढणं. टायट्रेशन आठवा: ब्युरेटच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडायचं. फिनॉल्फ्थॅलीन टाकलेलं द्रावण एका थेंबाने फिकं गुलाबी होतं, तिथे ब्युरेटची तोटी बंद करायची. दोन थेंब जास्त पडले की रंग गडद होतो आणि रीडिंग वाया जातं. नव्या कवितेचं बहुतेक वेळा असंच होतं: रंग बदललेला असतो आणि आपण खाली ‘अशी ही माझी माय’ अशी आणखी एक ओळ ओततो. माझ्या पहिल्या वहीतल्या जवळजवळ प्रत्येक कवितेची शेवटची ओळ मी नंतर खोडली. तुमची शेवटची ओळ हाताने झाकून बाकीची कविता वाचा. झाकल्यावर काही कमी झालं नाही, तर खोडा.

शेवटी कविता लोकांसमोर वाचा. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आपल्या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे कविसंमेलनही असतं. जमलं तर आधी नाव द्या. नाही जमलं तर घरच्यांसमोर वाचा. हातात पेन्सिल ठेवा, आणि वाचताना जिथे जीभ अडली तिथे लगेच खूण करा. वाचून झाल्यावर पहिल्यांदा तीच अक्षरं मोजा.