जुन्या पिकअपचा मूळ रंग आणि कारखान्यातून आलेले साहित्य कसे ओळखावे

कोल्हापुरात एखादी जुनी पिकअप पूर्ववत करायला घेतली, की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो, आणि तो म्हणजे सगळा पत्रा शॉट ब्लास्टिंग, म्हणजे लोखंडी छऱ्यांचा मारा करून रंग-गंज उडवणे, करून आणण्याचा. फाउंड्रीचे गाव असल्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ही सोय सहज मिळते. मात्र ती ओतीव लोखंडासाठी आहे; बॉनेट, दरवाजे आणि मडगार्ड यांचा पातळ पत्रा त्या माऱ्याने तापतो आणि ताणला जातो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात निघाली होती, याचा सगळा पुरावा त्याच दिवशी नाहीसा होतो. म्हणून पत्रा उघडा करण्याआधी गाडीची तपासणी पूर्ण करावी आणि ब्लास्टिंगचा विचार नंतर करावा, तोही केवळ चासीपुरता.

तपासणीची सुरुवात गाडी जोडली कुठे गेली या प्रश्नाने करावी, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या अमेरिकी पिकअप सर्वसाधारणपणे तीन वाटांनी आलेल्या आहेत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला आणि 1954 मध्ये तो बंद केला; या काळातील पुष्कळ शेवरोलेट तिथे सुट्या भागांतून उभ्या राहिल्या. डॉज आणि फार्गो या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये 1947 पासून जोडल्या जाऊ लागल्या. या दोन नावांत फरक प्रामुख्याने बिल्ल्याचा आहे, गाडी मुळात एकच. तिसरी वाट लष्करी लिलावाची. दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीला निघालेल्या गाड्यांच्या तळाशी खाकी किंवा हिरवट शेवाळी थर लागतो आणि अशा गाडीला लाल-पिवळा रंग देऊन तो मूळ असल्याचे सांगणे बरोबर नाही, मग त्याच कंपनीच्या नागरी यादीत तो रंग असला तरीही.

शिवाय त्या काळात अनेक मालवाहू गाड्या केवळ चासी आणि पुढचा पत्रा एवढ्याच रूपात विकल्या जात आणि केबिन व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधून देत. अशा गाडीत कारखान्याचा रंग बॉनेट, पुढची मडगार्डे आणि इंजिनमागची पत्र्याची भिंत एवढ्यावरच शोधावा. हौद्याच्या फळ्यांवर, फाळक्यावर किंवा सागवानी केबिनवर तो शोधण्यात वेळ घालवू नये. अशी गाडी कमी दर्जाची मानण्याची पद्धत मला पटत नाही. स्थानिक बांधणीचा हौदा साठ-सत्तर वर्षांचा असेल, तर तोही त्या गाडीचा इतिहासच आहे आणि त्याच्या जागी परदेशातून मागवलेला नवा हौदा बसवणे ही सुधारणा नव्हे.

यानंतर कारखान्याची ओळखपाटी आणि क्रमांक वाचावेत. अमेरिकेत तयार झालेल्या 1947 ते 1952 च्या शेवरोलेटवर चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर पाटी असते. तिच्यावरील क्रमांकातील पहिला आकडा कारखाना दाखवतो, त्यापुढची दोन अक्षरे वर्ष व वजनाचा गट सांगतात आणि तिसरे अक्षर महिना सांगते. अर्ध्या टनाच्या गाडीसाठी ईपी म्हणजे 1947, एफपी म्हणजे 1948, जीपी म्हणजे 1949, एचपी म्हणजे 1950, जेपी म्हणजे 1951 आणि केपी म्हणजे 1952. महिन्यासाठी ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असा क्रम आहे. मुंबईत जोडलेल्या गाड्यांना हा नियम जसाच्या तसा लावू नये. पाटीचे स्क्रू किंवा रिव्हेट नवे दिसत असतील, तर ती दुसऱ्या गाडीवरची असण्याची शक्यता गृहीत धरूनच पुढे जावे.

पाटीपेक्षा ओतकामावरचे उठावाचे आकडे अधिक विश्वासाचे, आणि ते वाचायला उद्यमनगर या कोल्हापुरातील कारखान्यांच्या वस्तीत शिकवणीची गरज पडत नाही. जनरल मोटर्सच्या इंजिन ब्लॉकवर ओतल्याची तारीख असते: एक अक्षर महिन्याचे, मग दिवस, आणि शेवटी वर्षाचा केवळ शेवटचा आकडा. 'सी 15 0' असे असेल तर तो ब्लॉक 15 मार्चला, आणि गाडी 1950 च्या आसपासची असल्यास, 1950 सालीच ओतला गेला. ही तारीख गाडीच्या जोडणीच्या थोडी आधीची असावी. ती नंतरची निघाली तर इंजिन बदललेले आहे हे निश्चित. त्या काळातील शेवरोलेटच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मूळ रंग करडा होता. गॅरेजवाले हौसेने निळा, लाल किंवा चंदेरी रंग मारतात. तो काढताना ब्लॉकच्या खाचांत, विशेषतः डायनामोच्या ब्रॅकेटमागे, करड्याचे अवशेष बहुधा सापडतात.

रंगाचे थर उघडणे

मूळ रंग शोधायचा तो जिथे रंगाऱ्याची स्प्रे गन पोहोचत नाही तिथे. दसऱ्याच्या तोंडावर गाडीला नवा हात देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. खंडेनवमीच्या पूजेला गाडी ताजी दिसावी, एवढाच त्यामागे हेतू. असे रंगकाम दर्शनी भागावरच होते. त्यामुळे काचेच्या रबराखाली, दाराच्या बिजागऱ्यांमागे, हेडलाइटच्या वाटीच्या आत, बॉनेटवरच्या बिल्ल्याखाली, हातमोजे ठेवण्याच्या कप्प्याच्या पाठीमागे आणि डॅशबोर्डच्या आतील कडेला पहिला रंग शाबूत राहतो. 1949 पासून अर्ध्या टनाच्या शेवरोलेटची पेट्रोल टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे आली. ही टाकी उतरवल्यावर मागची भिंत जरूर पाहावी, कारण टाकी काढून रंगवण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही.

अशी जागा निवडून तिथे जुन्या रुपयाएवढा गोल घासायचा. 600 नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने सुरुवात करावी, मग 1000 आणि शेवटी 2000 नंबर वापरावा. मध्यभागी पत्रा दिसू लागला की थांबावे. हात गोलाकार फिरला असेल, तर झाडाच्या बुंध्याच्या कापात दिसतात तशी वलये उमटतात. सर्वांत बाहेरचे वलय ताज्या रंगाचे, आतले जुन्या रंगाचे आणि मध्याला लागून असलेले प्रायमरचे. घासताना कोरडा कागद कधीही वापरू नये. त्या काळच्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिसे आणि क्रोमियम यांची संयुगे असत आणि कोरडी भुकटी श्वासात जाणे घातक आहे. तोंडाला चांगला मास्क लावावा आणि घासलेले पाणी अंगणात न सोडता फडक्याने टिपून घ्यावे.

वलये वाचताना रंगापेक्षा त्यांच्यामध्ये काय आहे याकडे लक्ष द्यावे. कारखान्याचा रंग प्रायमरवर थेट बसलेला असतो. त्याखाली पुट्टी नसते आणि खडबडीत कागदाचे ओरखडे नसतात. पुट्टीच्या वर बसलेला रंग कितीही जुना दिसला तरी तो अपघातानंतरचा समजावा. दोन रंगांच्या मध्ये पुन्हा रेड ऑक्साईड प्रायमरचा थर आला, तर तिथून पुढचा रंग गॅरेजमधला आहे. एकाच जागेवर निर्णय करू नये. केबिनच्या आत, बॉनेटखाली आणि मडगार्डच्या पोटात अशा परस्परांपासून लांब असलेल्या जागांवर तळाचा रंग एकच निघाला, तरच तो गाडीचा मूळ रंग. एखादे मडगार्ड वेगळे बोलत असेल तर ते दुसऱ्या गाडीचे आहे.

थरांचा प्रकार ओळखायला थिनर पुरेसा आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन थरावर अर्धा मिनिट दाबून धरावा. नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर रंग विरघळून फडक्याला लागतो. जुने भट्टीत पक्के केलेले इनॅमल विरघळत नाही, फार तर मऊ होऊन सुरकुतते. नव्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगावर काहीच परिणाम होत नाही. त्या काळी मोटारींना लॅकर आणि मालवाहू गाड्यांना इनॅमल अशी सर्वसाधारण विभागणी होती. त्यामुळे पिकअपच्या तळाशी सहज विरघळणारा थर लागला, तर तो कारखान्याचा आहे असे लगेच मानू नये.

सापडलेल्या रंगाचे नाव आणि शेड

1947 ते 1952 च्या शेवरोलेट पिकअपचा नेहमीचा रंग फॉरेस्टर ग्रीन हा गडद हिरवा होता. ग्राहकाने काहीच सांगितले नाही तर हाच मिळे. त्याशिवाय स्विफ्ट्स रेड, केप मरून, मरिनर ब्लू, ओमाहा ऑरेंज, क्रीम मीडियम अशी यादी होती. फोर्डच्या 1948 च्या एफ-1 साठी व्हर्मिलियन, मेडो ग्रीन, बर्च ग्रे, क्रोम यलो आणि काळा असे रंग होते. आपल्याला विशेष वाटावा असा एक रंग 1955 च्या मध्यास आलेल्या नव्या शेवरोलेटवर आहे. त्याचे नाव बॉम्बे आयव्हरी. त्या वर्षीचा कॅमिओ कॅरियर हा शौकीन पिकअप केवळ याच रंगात, लालची जोड देऊन विकला गेला. मुंबईचे नाव आहे म्हणून आपल्याकडच्या गाडीला हा रंग देण्याचा मोह होतो. गाडी 1955 च्या आधीची असेल तर तो आवरावा.

शेड जुळवताना नावावर किंवा जुन्या कोडवर विसंबून डबा बनवून घेऊ नये. जुन्या सूत्रांतील शिशाची रंगद्रव्ये आता वापरात नाहीत आणि नवे मिश्रण ही केवळ जवळपासची आवृत्ती असते. उघडलेला गोल रबिंग पॉलिशने स्वच्छ करून, सुटा भाग थेट रंगाच्या दुकानात नेऊन, मशीनवर मोजून घेणे उत्तम. त्यात एक अडचण असते. अंधारात राहिलेले जुने क्रीम किंवा पांढरे इनॅमल पिवळे पडते. बिल्ल्याखाली सापडलेले क्रीम मूळ क्रीमपेक्षा पिवळसर दिसते. असा भाग आठवडाभर उन्हात ठेवावा, म्हणजे हा पिवळेपणा बराच उतरतो, आणि मगच मोजमाप घ्यावे. तयार रंग हाताने पट्टी ओढून न पाहता एक फूट पत्र्यावर स्प्रेने मारून पाहावा, तोही सकाळच्या सावलीत आणि दुकानातील ट्यूबलाइटखाली असा दोन्हीकडे. एका उजेडात जुळणारी शेड दुसऱ्या उजेडात फसवते. वरून क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन चकाकीचा थर, मारल्यास ट्रक दागिन्यासारखा चमकतो. तो मूळ इनॅमलचा पोत नव्हे, म्हणून एकाच टप्प्याचा पीयू रंग घ्यावा.

कारखान्यातून काय आले, नंतर काय बसवले

येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: प्रत्येक गाडीत असलेले साहित्य, मागणीनुसार कारखान्याने बसवलेले साहित्य आणि विक्रेत्याने किंवा मालकाने नंतर जोडलेले साहित्य. शेवरोलेटच्या केबिनच्या मागच्या कोपऱ्यातील गोलसर काचा डीलक्स केबिनबरोबर मिळत. त्यांना आज मोठी मागणी आहे, त्यामुळे साधी केबिन कापून कोपरे बसवण्याचे प्रकारही होतात. आतील अस्तर उचकटून पत्र्याच्या सांध्यावर वेल्डिंगची ओळ दिसते का, हे हाताने चाचपावे. दुसऱ्या बाजूचा मागचा दिवा हेही मागणीनुसारचे साहित्य होते; मागे एकच दिवा असणे हा दोष नव्हे. चकाकणाऱ्या क्रोम जाळीबद्दल सावध असावे. कोरियन युद्धाच्या काळात निकेल आणि क्रोमियमची टंचाई झाल्याने 1951 च्या अखेरपासून 1953 पर्यंत शेवरोलेटच्या ट्रकवर क्रोमऐवजी रंग आला, म्हणून 1952 च्या गाडीवरची क्रोम जाळी नंतर बसवलेली असण्याचीच शक्यता अधिक.

वर्ष ठरवायला अशा बारीक खुणा फार उपयोगी पडतात. दारातील त्रिकोणी झडप असलेली काच 1951 मध्ये आली, बटण दाबून उघडणारी मूठ 1952 मध्ये. तीन गिअरचा दांडा अर्ध्या टनाच्या गाडीत 1948 मध्ये जमिनीवरून स्टिअरिंगच्या नळीवर गेला. फोर्डमध्ये 1951 पासून फाइव्ह स्टार आणि त्यावरची फाइव्ह स्टार एक्स्ट्रा अशा दोन केबिन मिळत. 1967 ते 1972 च्या शेवरोलेट पिकअपचा मालक मात्र भाग्यवान, कारण त्याच्या गाडीतील हातमोज्यांच्या कप्प्याच्या दाराच्या आत चिकटवलेल्या पाटीवर कारखान्याने बसवलेले साहित्य आणि रंगाचे कोड स्वच्छ लिहिलेले असतात.

सगळे निष्कर्ष लिहून काढावेत, प्रत्येक उघडलेल्या गोलाचा पट्टी ठेवून फोटो काढावा आणि मगच परिवहन कार्यालयाची पायरी चढावी. नोंदणी पुस्तकात बॉडीच्या रंगाचा रकाना असतो. त्यात लिहिलेला रंग आणि आपण शोधलेला रंग वेगळे असतील, तर रंग मारण्याआधीच बदलाची नोंद करून घ्यावी. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल नसलेल्या खासगी गाडीला विंटेज नोंदणी मिळते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती 10 वर्षे चालते. ही सवलत व्यावसायिक वापराच्या गाडीला नाही. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप गुळाच्या ढेपा आणि उसाच्या बियाण्यासाठी मालवाहू म्हणून नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे वर्ग बदलण्याचे काम रंगकामाच्या आधी हाती घ्यावे.