डेस्कटॉप सर्च टाकताय? आधी त्याचा इंडेक्स कुठे राहतो ते बघा

फाइल सेव्ह केलेली आठवते, कुठे केली ते आठवत नाही आणि मग फोल्डरमागून फोल्डर उघडत बसायचं, यावर डेस्कटॉप सर्च, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फाइल्स शोधून देणारं सॉफ्टवेअर, हा खरंच भारी उपाय आहे, वापरायलाच हवा असं माझं मत. फक्त टाकायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही शब्द टाइप करता तेव्हा हे सॉफ्टवेअर एकेक फाइल उघडून बघत नाही, त्याने सगळं आधीच वाचून कुठला शब्द कुठल्या फाइलमध्ये आहे याचा इंडेक्स करून ठेवलेला असतो, म्हणून तर रिझल्ट लगेच येतो. म्हणजे तुमचे मेल, बँक स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट या सगळ्यातला मजकूर आता दोन ठिकाणी आहे, आणि त्या दुसऱ्या ठिकाणाकडे कोणाचं लक्षच नसतं.

म्हणून आधी स्वतःला विचारा, नुसत्या फाइलच्या नावावरून शोधलं तर भागेल का? बऱ्याच जणांचं भागतं. मग विंडोजवर व्हॉइडटूल्सचं एव्हरीथिंग टाका, फुकट आहे, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल ठेवायची पद्धत) ड्राइव्हचं मास्टर फाइल टेबल, म्हणजे ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइल्सची नोंदवही, थेट वाचतं त्यामुळे लाखो फाइल्सची यादी चटकन तयार होते, आणि तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय फाइलच्या आत डोकावत नाही. पण एक लक्षात ठेवा, ते फोल्डरच्या परमिशन बघत बसत नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोघांची वेगळी अकाउंट असली तरी दुसऱ्याला तुमच्या फाइल्सची नावं त्यात दिसू शकतात, उघडता येणार नाहीत पण 'राजीनामा ड्राफ्ट २' एवढं नाव दिसलं तरी पुरे की! शिवाय त्यात एचटीटीपी सर्व्हर म्हणून एक ऑप्शन आहे, ब्राउझरमधून शोधता यावं म्हणून, तो गरज नसेल तर बंदच ठेवा, नाहीतर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरूनही तुमच्या फाइल्सपर्यंत पोचता येतं.

फाइलच्या आतलाच मजकूर शोधायचा असेल तर विंडोज सर्च आणि मॅकचं स्पॉटलाइट आधीपासून असतंच, लिनक्सवाल्यांना रिकॉल (झेपियन नावाचं शोध इंजिन वापरणारं, ओपन सोर्स) चांगलं, आणि डॉकफेचर तिन्हीवर चालतं. मला डॉकफेचरचं आवडतं ते हे की कुठला फोल्डर इंडेक्स करायचा ते तुम्हीच एकेक करून सांगायचं, आपोआप सगळीकडे हात घालत नाही. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) झाल्याशिवाय यातलं कुठलंच काही शोधू शकणार नाही, आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठीही युनिकोडमध्ये शोधून सापडत नाही, तेव्हा आपल्याच चार-पाच फाइल्सवर आधी करून बघा.

आता खरा मुद्दा, कॉम्प्युटरच्या बाहेर काय जातं. गूगल डेस्कटॉपच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये २००६ साली एका कॉम्प्युटरवरच्या फाइल्स दुसऱ्यावरून शोधायची सोय आली, त्यासाठी फाइल्समधला मजकूर गूगलच्या सर्व्हरवर कॉपी व्हायचा, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तेव्हा लोकांना सरळ सांगितलं की हे वापरू नका. ते सॉफ्टवेअर २०११ मध्ये बंद झालं पण प्रश्न तोच राहिला. आजही विंडोजच्या स्टार्ट मेनूत टाइप केलेलं मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्चकडे जाऊ शकतं, स्पॉटलाइटच्या सजेशन्ससाठी टाइप केलेलं अॅपलकडे जातं. फाइल जात नाही, शोधलेला शब्द जातो, पण आजाराचं किंवा वकिलाचं नाव शोधलं असेल तर तो शब्दच पुरेसा बोलतो. दोन्हीकडे सेटिंग्जमध्ये सर्चचा भाग उघडून क्लाउड आणि सजेशन्सवाले पर्याय बंद करा, आणि तिथेच खाजगी फोल्डर वगळायची यादी असते ती भरा. नवीन सॉफ्टवेअर असेल तर फायरवॉलमधून त्याचं इंटरनेट बंद करून बघा, फक्त लोकल फाइल्स शोधणाऱ्याला नेटशिवाय चालायलाच हवं, अडून बसलं तर दुसरं बघा.

एक गोष्ट फार जण विसरतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा तुम्ही व्हेराक्रिप्टचा कंटेनर (पासवर्डने उघडणारी एन्क्रिप्टेड तिजोरी, उघडली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते) केलाय, पासवर्ड भक्कम आहे, कंटेनर उघडून काम करताय आणि त्याच वेळी सर्चने तो ड्राइव्ह पण इंडेक्स केला. आता कंटेनर बंद केला तरी आतला मजकूर इंडेक्समध्ये, म्हणजे साध्या ड्राइव्हवर, उघडा पडलेला असू शकतो. म्हणून असे ड्राइव्ह आधीच वगळायचे, आणि अख्खी डिस्क बिटलॉकर (विंडोज), फाइलव्हॉल्ट (मॅक) किंवा लक्सने (लिनक्स) एन्क्रिप्ट करायची, मग लॅपटॉप चोरीला गेला तरी इंडेक्ससुद्धा कुलपातच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या रिकॉलवर (वरच्या लिनक्सवाल्या रिकॉलशी याचा संबंध नाही, हे स्क्रीनचे फोटो साठवणारं) २०२४ मध्ये गदारोळ झाला त्याचं एक मोठं कारण हेच होतं, सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये त्याचा डेटाबेस वेगळा एन्क्रिप्ट केलेला नव्हता.

सगळं सेट झालं की छोटी टेस्ट घ्या. कुठेच नसेल असा शब्द, समजा 'खटपटगुलमोहर', एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती वगळलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि थोड्या वेळाने शोधा. सापडला तर वगळणं लागू झालेलं नाही. मग तीच फाइल इंडेक्समध्ये असलेल्या फोल्डरमध्ये हलवा, सापडते ते बघा, डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा आणि परत शोधा, अजून दिसत असेल तर इंडेक्स नव्याने बनवायला लावा. आणि सॉफ्टवेअर कधी काढून टाकलंत तर इंडेक्सचा फोल्डर स्वतः जाऊन तपासा, अनइन्स्टॉल केल्यावरही तो बऱ्याचदा मागे राहतो. लिनक्सवाल्या रिकॉलचा असेल तर होम फोल्डरमध्ये 'डॉट रिकॉल' नावाने लपलेला असतो, विंडोजवर बाहेरून टाकलेल्यांचा बहुतेक अॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सापडेल.