रायगड: एक वाट तरी पायी करा

रोपवेने थेट रायगडावर पोचलात, तर महादरवाजा चुकतो. मग निदान उतरताना तरी पायऱ्यांनी या. दोन भक्कम बुरुजांच्या आड दडलेला हा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. गडाची खरी हुशारी इथे कळते.

१६७४ मध्ये जिथे राज्याभिषेक झाला ती राजसदर आणि होळीचा माळ पाहून बरेच जण माघारी फिरतात. तुम्ही बाजारपेठेतून पुढे जगदीश्वरापर्यंत जाच. वाटेत सावली नाही, पाणी जवळ ठेवा. देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींनी नाव कोरलंय, ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून. तिच्यावर पाय न देता, वाकून अक्षरं वाचा. महाराजांची समाधी तिथून जवळच आहे. पावसाळ्यात मात्र पकड असलेलेच बूट घाला.